जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ मंदावल्यास दोष कसा शोधावा

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला, की पेरणीस मिळणारे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी सकाळी ट्रॅक्टरची किल्ली फिरवावी आणि स्टार्टरने, ज्यास खेड्यापाड्यांतून 'सेल्फ' म्हणतात, एकदोन जड फेरे घेऊन गप्प बसावे, हा अनुभव पुष्कळ शेतकरी बंधूंस आला असेल. मग ट्रॅक्टर रोज उतारावर उभा करण्याची सवय लागते. तेही जमेनासे झाले म्हणजे नवी बॅटरी किंवा नवा स्टार्टर विकत आणला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष या दोहोंपैकी एकातही नसतो. क्रमाने तपासणी केल्यास तो घरच्या घरी सापडतो आणि खर्च वाचतो.

प्रथम एका धोक्याविषयी सांगणे आवश्यक आहे. सेल्फ लागत नाही असे दिसताच काही चालक खाली उभे राहून स्टार्टरवरील दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने किंवा पान्याने जोडतात. असे केल्याने क्लच किंवा गिअरशी जोडलेला सुरक्षा-स्विच निरुपयोगी ठरतो. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये असेल तर तो तत्क्षणी चालू लागतो, आणि चालक उभा असतो तो नेमका मागील मोठ्या चाकाच्या पुढे. या प्रकारे माणसे प्राणास मुकलेली आहेत. म्हणून सेल्फ नेहमी आसनावर बसूनच मारावा. तपासणीच्या वेळी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत आणि इंजिन बंद करण्याचा नॉब ओढून ठेवावा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही.

आता पहिली कसोटी. यास कोणतेही उपकरण लागत नाही. पुढील दिवे लावून एकाने किल्ली फिरवावी व दुसऱ्याने बाजूस उभे राहून दिव्यांकडे पाहावे. दिवे एकदम मंद झाले, तर बॅटरी उतरलेली आहे, तिची टोके खराब आहेत, अथवा स्टार्टर वा इंजिन अडकल्यामुळे प्रवाह प्रमाणाबाहेर ओढला जात आहे. दिवे पूर्ववत प्रखर राहिले आणि सेल्फ मात्र हलला नाही, तर प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. तेथे बॅटरी बदलून काहीही साधणार नाही.

बॅटरीची परीक्षा रात्रभर विसावा मिळाल्यानंतर करावी. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ दाखविल्यास ती अर्धी उतरली आहे. बुचे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील पाणी पाहावे. भारित बॅटरीत आकडा सुमारे १.२५ किंवा त्याहून थोडा अधिक येतो. पाच कप्पे सारखे आणि एकच फार खाली असेल, तर तो कप्पा निकामी झाला आहे असे समजावे. अशी बॅटरी भारित करून दोन दिवस चालते व पुन्हा बसते. सर्वच कप्पे सारखे खाली असतील तर बॅटरीस दोष देण्यापूर्वी डायनामो किंवा अल्टरनेटर व त्याचा पट्टा पाहावा. बॅटरीजवळ विडी ओढू नये, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन वायू स्फोटक असतो.

बॅटरी उत्तम असूनही सेल्फ मंद फिरतो, हा सर्वांत फसवा प्रकार होय. स्टार्टर चालताना शेकडो अँपिअर प्रवाह घेतो. प्रवाह २०० अँपिअर धरला आणि वाटेत एका ओहमचा केवळ शंभरावा भाग इतका अडथळा असला, तरी २ व्होल्ट तेथेच नष्ट होतात. एवढा अडथळा निर्माण करण्यास टोकावर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी किंवा एक सैल नट पुरेसा असतो. दिव्यास प्रवाह थोडाच लागत असल्यामुळे तो मात्र उत्तम लागतो, आणि मालकाची समजूत होते की वायरिंग ठीक आहे.

हा अडथळा मीटरने मापता येतो. मीटरची एक तार बॅटरीच्या धन टोकावर (क्लिपवर नव्हे, शिशाच्या खुंटीवर) व दुसरी स्टार्टरच्या जाड टोकावर धरून सेल्फ मारावयास सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा आल्यास त्या वाटेत दोष आहे. मग ऋण खुंटी व स्टार्टरचे अंग यांमध्ये तसेच पाहावे; येथे पाव व्होल्टच्या वर जाऊ नये. जुन्या फोर्डसन मेजरसारख्या काही ब्रिटिश ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक अंगास जोडलेले असते, तेथे हे उलट समजावे.

माझ्या पाहण्यात आलेल्या एका ट्रॅक्टरवर दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या गेल्या होत्या. अर्थची केबल जेथे अंगास बोल्टने आवळली होती, तेथे मीटरने दीड व्होल्ट दाखविला. बोल्ट काढून पाहता खाली निळ्या रंगाचा जाड थर निघाला. मालकांनी दसऱ्यास ट्रॅक्टर हौसेने रंगविला होता आणि केबल रंगावरच बसविली होती! जागा घासून लोखंड उघडे केले, बोल्ट आवळला, वरून थोडे ग्रीस लावले. त्यानंतर जुन्याच स्टार्टरने इंजिन चटकन फिरविले. केबल काढताना अंगास जोडलेली प्रथम काढावी व बसविताना ती शेवटी बसवावी, म्हणजे पाना घसरून ठिणगी पडत नाही.

आवाजावरूनही बोध होतो. 'टक् टक् टक्' असा सलग आवाज बहुधा उतरलेल्या बॅटरीचा असतो. एकच मोठा 'टक्' होऊन शांतता पसरल्यास सॉलेनॉइडचे आतील तांब्याचे संपर्क जळलेले असतात किंवा मोटरचे कार्बन झिजलेले असतात. मोटर वेगाने गरगरते पण इंजिन हलत नाही, अशा वेळी पिनियन अडकलेले असते किंवा फ्लायव्हीलचे दाते खाल्लेले असतात.

येथवर सर्व ठीक आढळल्यासच स्टार्टर खाली उतरवावा. त्यापूर्वी इंजिन पान्याने हाताने फिरते की नाही हे पाहावे, नाहीतर अडकलेल्या इंजिनाचा दोष मोटरीच्या माथी बसतो. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असल्यास बदलावेत. कम्युटेटर काळा पडला असल्यास बारीक काच कागदाने साफ करावा. एमरी कागद वापरू नये, त्याचे कण पट्ट्यांमधील फटीत बसून प्रवाहास वाट करून देतात. आर्मेचरवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर बुश झिजून आर्मेचर आतील चुंबकांना घासत आहे. हा मंद सेल्फचा नेहमीचा रोग असून नव्या बुशांचा खर्च नव्या स्टार्टरच्या मानाने किरकोळ असतो. बुश ठोकण्याचे काम मात्र लेथ असलेल्या कारागिराकडे द्यावे.

दुरुस्तीनंतरही सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये व मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे. इंजिन चांगले फिरूनही चालू होत नसेल, तर दोष डिझेलच्या बाजूस आहे; तेव्हा सेल्फ मारणे थांबवून प्रथम फिल्टरमधील हवा काढावी.