गांजाचा वाद आणि अबकारीचा हिशेब

गांजा कायदेशीर करावा की न करावा, या वादात उभय पक्षांच्या मुखी आरोग्य, नीती आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचा घोष अखंड चालू असतो. परंतु कोणत्या बाजूस कोणाची थैली मोकळी होते, हे पाहिल्यावाचून त्या घोषाचा अर्थ लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटिश पार्लमेंटात गांजाविषयी प्रश्न उपस्थित झाल्यावरून हिंदुस्थान सरकारने १८९३ साली मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. त्या काळी बंगालमधील नौगाव भागात परवान्यावाचून गांजाची लागवड करता येत नसे. झाडांनी बी धरू नये म्हणून नर-झाडे हुडकून उपटणाऱ्या परखदारांना शेतकरी मोलाने आणीत, आणि तयार माल सरकारी देखरेखीखालच्या गुदामात जाऊन त्यावर कर चढे. मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा या पिकाबद्दल प्रसिद्ध होता. आयोगाने हजारांवर साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली, तेव्हा आढळले की वेडाचे कारण ‘गांजा’ अशी नोंद पुष्कळदा रोग्यास आणून सोडणाऱ्या पोलिसांच्या कागदावरून, वैद्यकीय तपासाशिवायच, उतरवून घेतलेली होती. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, संपूर्ण बंदी करू नये, कर व परवाने यांच्या द्वारे नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष निघाला. ही चौकशी परिश्रमपूर्वक झाली, हे मी मान्य करतो. तथापि हा निष्कर्ष ज्या सरकारच्या हाती पडला, तेच अबकारी उत्पन्नाचे धनी होते, आणि तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी भिन्न मत नोंदविले, हेही विसरता येत नाही.

अमेरिकेत हाच हितसंबंधांचा व्यवहार उघड्या बाजारात चालतो. २०१५ साली ओहायो राज्यात मोकळीक देणारी जी घटनादुरुस्ती मतदारांपुढे आली, तिच्यात व्यापारी लागवडीचा हक्क केवळ दहा ठरावीक जागांना राखून ठेवला होता, आणि त्या जागा प्रचाराचा खर्च उचलणाऱ्या भांडवलदारांच्याच होत्या. मतदारांनी ती मोठ्या बहुमताने फेटाळली. पुढच्याच वर्षी ॲरिझोनात मोकळिकीच्या विरोधी मोहिमेस इन्सिस या औषध कंपनीने पाच लाख डॉलर दिले. हीच कंपनी फेंटानिल या जबर अफूवर्गीय औषधाचा फवारा विकत होती आणि गांजातील मुख्य द्रव्याची कृत्रिम प्रतिकृती बाजारात आणू पाहत होती.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले, पण नुसत्या पानांना त्यातून वगळले. म्हणून उत्तर प्रदेश, राजस्थानात भांगेची दुकाने सरकारी परवान्यावर चालतात. उत्तराखंडाने आता, ज्यात मादक द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक नाही अशा जातीच्या औद्योगिक लागवडीस परवाने देऊ केले आहेत. हे परवाने डोंगरउतारावरच्या अल्पभूधारकास मिळणार की तपासणीचा व कोर्टकचेरीचा खर्च झेपणाऱ्या कंपन्यांच्याच नावे निघणार, हा प्रश्न विधिमंडळांत आजच विचारला गेला पाहिजे, कारण लागवडीचे हक्क एकदा वाटून झाले की ते परत घेणे कोणत्याही सरकारास सोपे जात नाही.