पेटीला रोज पाऊण तास

आमच्या ओझरच्या भजनी मंडळात पेटीवर बसणारे एकच बुवा. सत्तरी ओलांडली, बोटे वळेनाशी झाली, आणि एका एकादशीला ते म्हणाले, "आता तुमच्यातल्या कुणीतरी शिका रे. माझ्यामागं पेटी बंद पडायची." सगळ्यांनी माना खाली घातल्या. टाळ सर्वांना येतो, पखवाजाला दोन पोरे आहेत, पण पेटीला कुणी हात लावीना. शेवटी मीच हो म्हणालो. वय बेचाळीस, दोन एकर द्राक्षबाग, आणि सा कुठे असतो तेही ठाऊक नाही.

पहिली चूक ही की मी पेटीला रविवार दिला. आठवडाभर बाग आणि रविवारी दुपारी सलग चार तास पेटी. भाता ओढून डावा हात अवघडायचा, पाठ भरून यायची, आणि पुढच्या रविवारी बोटे पुन्हा कोरी. दोन महिने असे गेले. मंडळी म्हणाली, "बागेला ठिबक केलं ना तुम्ही? मग पेटीला आठवड्यातून एकदा पाट का सोडता?"

तिचे म्हणणे तिकडे इंग्लंडात तपासून झालेले आहे. टपालखात्यातल्या कामगारांना कळफलकावर टंकलेखन शिकवायचे होते. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे गट पाडले आणि १९७८ साली निष्कर्ष छापले. रोज एकच तास बसणाऱ्यांना कळफलक हाताखाली यायला सुमारे ३५ तास लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. मौज अशी की तासवालेच जास्त नाराज होते, कारण दिवस जास्त लागतात आणि बाकीचे पुढे गेलेले दिसतात. वाचकहो, ही नाराजी माझ्याही ओळखीची आहे.

वेळ बांधून शिकणे आपल्याकडेही जुनेच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाणे ठरलेल्या तासांत, छापील पाठांत आणले. पुढे त्यांनीच नाशिकला पंचवटीत रामनाम आधाराश्रम काढला.

माझा पाऊण तास असा. पहिली दहा मिनिटे फक्त भाता आणि एकेक लांब सूर, हवा तुटू द्यायची नाही. पांढरी एकला सा धरला की सातही शुद्ध सूर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात, नवख्याला तेवढे पुरे. मग दहा मिनिटे पलटे: सारेग, रेगम, गमप. ग वरून म वर जाताना अंगठा बोटांखालून सरकवायचा. माझे घोडे महिनाभर तिथेच अडले होते. मग पंधरा मिनिटे नवे काम, तेही अभंगाची एकच ओळ. चुकते ती जागा नेमकी शोधायची, अलीकडचा एक सूर आणि पलीकडचा एक सूर जोडून निम्म्या वेगाने वाजवायची. पहिल्यापासून पुन्हा पुन्हा वाजवले तर येते तेच पक्के होते, आणि चूकही पक्की होते. उरलेली दहा मिनिटे जे येते ते मोकळेपणी गात वाजवायचे. हे सोडू नये, नाहीतर पेटीकडे पाय वळत नाही.

पण हा पाऊण तास काही बारमाही नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डिपिंग, विरळणी, फवारणी सुरू झाली की पंधरा मिनिटेच मिळतात. तेव्हा नवे काही घेत नाही, जुने तेवढे ओले ठेवतो. माल निघाला, एप्रिलची खरड छाटणी उरकली, पाऊस लागला की नवे अभंग. आणि पेटी ट्रंकेत बंद ठेवत नाही. ओल आणि उंदीर लागणार नाहीत अशा फळीवर, फडक्याखाली, हाताशी. रात्री मोटारीसाठी विजेची वाट पाहत बसतो तेव्हा ती उगाच समोर असते. हल्ली दुपारी तिच्यावर मंडळीचा हात फिरतो. पलटे तिने नुसते ऐकूनच उचलले, आणि त्या वेळेला चहा मी टाकतो.

परवाच्या एकादशीला बुवा शेजारी बसले होते. एक अभंग मी वाजवला, इतका सावकाश की टाळकऱ्यांना थांबून घ्यावे लागले. दुसरा सुरू होताना पेटी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती पुन्हा माझ्यापुढे सरकवली आणि टाळ हातात घेतले.