दलदलीचा जुना नकाशा : वाचन व अध्यापन

नकाशा केवळ स्थळे दाखवीत नाही. भूमीवर मनुष्याने काय केले याचीही नोंद त्यात असते. ती वाचण्याची दृष्टी विद्यार्थ्यांस द्यावी लागते. अमेरिकेत व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या सीमेवरील ‘ग्रेट डिस्मल स्वॅम्प’ या दलदलीचे जुने भूरूपदर्शक नकाशे याचे उत्तम उदाहरण होत.

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची स्थापना १८७९ साली झाली. तिच्या नकाशांत उंची तपकिरी रंगाने, पाणी निळ्या रंगाने व मानवी बांधकामे काळ्या रंगाने दर्शवितात. दलदलीची खूण गवताच्या झुबक्यांसारखी असते. प्रदेश जवळजवळ सपाट असल्याने येथे समोच्चरेषा विरळ आहेत. मध्यभागी ड्रमंड सरोवर वाटोळे दिसते. परंतु त्याला मिळणाऱ्या काही निळ्या रेषा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. ओढा असा वाहत नाही. ते मनुष्याने खोदलेले चर होत.

१७६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ही दलदल पाहिली. तिचे पाणी काढून जमीन लागवडीस आणावी व लाकूड विकावे, या हेतूने निघालेल्या कंपनीत ते भागीदार होते. चर खोदण्याचे कष्ट गुलामांनी उपसले. पुढे सायप्रस व पांढरा सीडर हे वृक्ष विसाव्या शतकातही तोडले गेले. अखेर १९७४ मध्ये येथे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले.

तोड थांबली, तरी चर राहिले. त्यांवाटे पाणी निघून जाऊन अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, म्हणजे पीट, सुकली. सुकलेले पीट जमिनीखाली धुमसत राहते. २००८ व २०११ साली लागलेल्या आगी तीन महिन्यांहून अधिक काळ विझल्या नाहीत. म्हणून आता चरांवर दारे बसवून पाणी अडविले जाते.

नकाशा एका गोष्टीविषयी मात्र मूक आहे. मालकांच्या ताब्यातून निसटलेले अनेक गुलाम या दलदलीतील उंचवट्यांवर लपून राहत. त्यांच्या वस्त्यांची खूण नकाशावर नाही. पुरातत्त्वज्ञांस त्यांचे अवशेष मातीत शोधावे लागले.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांतही पाणी निळे व समोच्चरेषा तपकिरी असतात. शिक्षकांनी आपल्या परिसराचा जुना नकाशा वर्गात मांडावा. सरळ निळी रेषा कोठे आहे, ती कोणी व कशासाठी खोदली, आणि नकाशात कोणाची नोंद राहून गेली, हे विद्यार्थ्यांनी गावातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहून आणावे.