वाय-फायची किल्ली : ती केव्हा व कशी बदलावी

पेढीवरील दिवाणजी काम सोडून गेला म्हणजे तिजोरीची किल्ली त्याच्याकडून परत घ्यावयाची, ही रीत आपल्यापैकी कोणासही शिकवावी लागत नाही. किल्ली मागताना मालकास संकोच वाटत नाही आणि ती देताना दिवाणजीसही राग येत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या प्रत्येकाच्या घरी व दुकानी अशी एक किल्ली आली आहे की, ती दुसऱ्यास दिली तरी आपल्याजवळ राहते, आणि एकदा दिली की परत मागता येत नाही. ती किल्ली म्हणजे वाय-फायचा पासवर्ड होय. जी किल्ली परत घेता येत नाही, तिच्यासाठी कुलूपच बदलावे लागते. हे कुलूप घरच्या घरी, खिशातील स्मार्टफोनच्या साहाय्याने, दहा-पंधरा मिनिटांत बदलता येते. ते कसे, हे सभासद बंधुभगिनींसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमची हकिगत

आमचे घर बेळगावातील जुन्या बाजारपेठेत आहे. खाली दुकान, मागे वखार आणि वर बिऱ्हाड, अशी जुनी मांडणी. या सर्वांस मिळून एकच राउटर. गेल्या वर्षी एका सायंकाळी कोल्हापूरचा माल ट्रकमध्ये भरून तयार होता. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावयाचा आणि किंमत पन्नास हजार रुपयांवर, तेव्हा ई-वे बिलावाचून गाडी हलविता येईना; आणि बिल काढावयास बसावे तर संगणकाच्या पडद्यावरील चक्र फिरता फिरता थांबेना. गाडी रात्री दहापर्यंत दारात उभी राहिली. शेवटी आमच्या नातवाने आपल्या फोनवर राउटरचे पान उघडले आणि जोडलेल्या उपकरणांची यादी आम्हांस दाखविली. आमची स्वतःची उपकरणे अकरा. यादीत नावे तेवीस!

ही बारा नावे कोणाची, याचा शोध घेता चोर एकही निघाला नाही. शेजारच्या वाड्यातील विद्यार्थी होते, माल न्यावयास येणारे दोन टेम्पोवाले होते, समोरच्या दुकानात कामास लागलेला आमचा जुना नोकर होता. घरच्या लग्नात पाहुण्यांच्या सोयीसाठी पासवर्ड कागदावर लिहून मांडवाच्या खांबास चिकटविला होता. तेथून तो किती घरी गेला, याची गणतीच नव्हती. त्या सायंकाळी क्रिकेटचा सामना होता आणि ही सारी मंडळी आमच्याच वाय-फायवर तो पाहत होती.

खरे सांगावयाचे तर पासवर्ड बदलावा, हे आमच्या मनात बरेच दिवस होते. परंतु तीस वर्षे काम करून निवृत्त झालेले आमचे दिवाणजी रोज सकाळी ओट्यावर येऊन बसत व फोनवर वर्तमानपत्र वाचीत. पासवर्ड बदलला तर त्यांस अविश्वास वाटेल, या भिडेपोटी आम्ही तो विषय पुढे ढकलीत राहिलो. हकिगत कळताच ते स्वतःच म्हणाले, "शेठजी, मी काम सोडले त्या दिवशी तिजोरीची किल्ली मोजून घेतलीत, मग ही का ठेवलीत?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

यात धोका कोणता?

इंटरनेट संथ चालणे हा त्यातील सर्वांत लहान धोका होय. जो आपल्या वाय-फायवर येतो, तो घराच्या अंगणात येतो. बँकेच्या व्यवहारास स्वतंत्र कुलूप असते, त्यामुळे केवळ वाय-फायवर आल्याने कोणास आपला यूपीआयचा पिन वाचता येत नाही. उगाच घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु अंगणातील इतर दारे, म्हणजे कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, छपाईयंत्र, संगणकावरील सामायिक केलेले फोल्डर आणि खुद्द राउटर, ही त्याच्या हाताशी येतात.

दुसरा धोका नावाचा आहे. आपल्या जोडणीवरून जे काही बाहेर जाते, ते आपल्या नावावर जाते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांकडे धमकीचा ई-मेल गेला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या घरच्या वाय-फायपर्यंत पोहोचला. दुसऱ्याच कोणी त्या जोडणीचा गैरवापर केला होता. परंतु चौकशीस तोंड द्यावे लागले ते त्या रहिवाशास. व्यापाऱ्याची पत हीच त्याची पुंजी. आपल्या शिक्क्याचा उपयोग परक्याने करावा, हे आपण कधी सहन करीत नाही. वाय-फायसही हाच न्याय लागू आहे.

किल्ल्या एक नव्हे, दोन

येथे बहुतेकांचा घोटाळा होतो. राउटरला दोन पासवर्ड असतात. पहिला वाय-फायचा, तो आपण फोनमध्ये घालतो व पाहुण्यांस देतो. दुसरा राउटरच्या व्यवस्थेचा. तो असल्यावाचून राउटरची मांडणी बदलता येत नाही. पहिला ही दाराची किल्ली, तर दुसरा हा कुलपे बदलणाऱ्या कारागिराचा परवाना. अनेक घरी हा दुसरा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि कारखान्याचे शब्द साऱ्या जगास ठाऊक असतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्याचेच पासवर्ड एकामागून एक लावून लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याकरवी अमेरिकेतील अनेक मोठ्या संकेतस्थळांचे काम काही तास अडविले. ज्यांची उपकरणे राबविली गेली, त्या मालकांस त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून बदलावयाचे ते दोन्ही पासवर्ड.

पासवर्ड कसा असावा?

वाय-फायचा पासवर्ड किमान ८ व जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असू शकतो. पेढीचे नाव, स्थापनेचे साल, गाडीचा क्रमांक, मुलांची नावे हे सारे वर्ज्य समजावे. मोबाईल क्रमांक तर मुळीच ठेवू नये. आपल्याकडील मोबाईल क्रमांक दहा अंकी असून ६, ७, ८ किंवा ९ या अंकाने सुरू होतो. म्हणजे एकूण शक्यता फार तर ४०० कोटी. ही संख्या मोठी वाटते. परंतु जोडणी होतानाचा संदेश टिपून ठेवून पुढे घरी बसून अंदाज लावणारी यंत्रे सेकंदास लाखो अंदाज तपासतात, आणि हे काम काही तासांत उरकते.

याहून सोपी व बळकट रीत अशी की, एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावे आणि मध्ये एखादी संख्या घालावी. जांभूळ, तराजू, सत्तेचाळीस, कंदील, उंबरठा, अशा जातीचा पासवर्ड घरातील वृद्धांच्याही लक्षात राहतो आणि यंत्रास मात्र सहजासहजी सापडत नाही. हे उदाहरण आता छापले गेले आहे, म्हणून प्रत्येकाने आपले शब्द आपणच निवडावे.

प्रत्यक्ष कृती

दुकान बंद झाल्यानंतरची वेळ निवडावी. आरंभी राउटर उलटा करून त्याच्या पाठीवरील चिठ्ठीचे फोनने छायाचित्र घ्यावे. तीवर बहुधा जोडणीचे मूळ नाव, राउटरचा पत्ता आणि प्रवेशाचे शब्द छापलेले असतात. मग पुढील क्रमाने जावे.

१. फोन आपल्याच वाय-फायला जोडलेला आहे याची खात्री करावी आणि मोबाईल डेटा बंद करावा. ही पायरी चुकली तर राउटरचे पान पुष्कळदा उघडत नाही.

२. क्रोम किंवा सफारी उघडून वरच्या पत्त्याच्या चौकटीत राउटरचा पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या घरगुती राउटरवर तो सामान्यतः १९२.१६८.२९.१ असतो. पत्ता लिहिताना इंग्रजी अंक वापरावे. पत्ता ठाऊक नसल्यास फोनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या तपशिलात पाहावे. अँड्रॉइड फोनवर तो 'गेटवे' आणि आयफोनवर 'राउटर' या शब्दापुढे दिलेला असतो.

३. पान सुरक्षित नसल्याची सूचना फोन देईल. आपल्याच घरातील राउटरच्या पत्त्यापुरती ती ओलांडण्यास हरकत नाही. बाहेरच्या कोणत्याही संकेतस्थळावर मात्र अशी सूचना कधीही ओलांडू नये.

४. चिठ्ठीवरील नाव व पासवर्ड घालून आत जावे. पुष्कळदा ते 'ॲडमिन' या शब्दाने सुरू होते. पूर्वी कोणी तो बदलला असेल तर बसविणाऱ्या कारागिरास किंवा सेवा पुरविणाऱ्या कंपनीस विचारावे.

५. आत 'वायरलेस', 'वाय-फाय' किंवा 'डब्ल्यूएलएएन' असा विभाग शोधावा व त्यातील 'सिक्युरिटी' उघडावी. तेथे संरक्षणाचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ असावा. डब्ल्यूईपी हा १९९७ सालचा प्रकार दिसल्यास तो तत्काळ सोडावा; त्यातील उणिवा २००१ सालीच उघड झाल्या आहेत.

६. पासवर्डच्या चौकटीत नवा पासवर्ड लिहून 'सेव्ह' किंवा 'अप्लाय' दाबावे. राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन लहरींवर चालत असेल तर दोन्ही ठिकाणी बदल करावा. एक बदलून दुसरी तशीच ठेवणे म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे टाकणे होय.

७. याच वेळी फोनची जोडणी तुटेल. ती तुटली म्हणून घाबरू नये. कुलूप बदलल्याची ती खूण आहे. फोनमधील जुनी नोंद काढून टाकावी आणि नव्या पासवर्डने पुन्हा जोडावे.

८. पुन्हा राउटरच्या पानावर जाऊन 'सिस्टिम', 'मॅनेजमेंट' किंवा 'ॲडमिनिस्ट्रेशन' या विभागात दुसरा, म्हणजे व्यवस्थेचा, पासवर्ड बदलावा. तेथेच 'डब्ल्यूपीएस' व 'रिमोट मॅनेजमेंट' या सोयी दिसल्यास बंद कराव्या.

ज्यांस हा मार्ग अवघड वाटेल, त्यांस दुसरा आहे. जिओ व एअरटेल यांच्या ग्राहकांस माय-जिओ व एअरटेल थँक्स या ॲपमधून, तसेच काही राउटर-कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमधून वाय-फायचा पासवर्ड बदलता येतो. परंतु व्यवस्थेचा पासवर्ड बदलण्यास बहुधा राउटरच्या पानावरच जावे लागते.

एक इशारा देणे आवश्यक आहे. काही मार्ग न सुचल्यास राउटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून तो मूळ स्थितीस नेण्याचा सल्ला कोणी देतो. फायबरच्या उपकरणात त्यामुळे कंपनीने भरलेली मांडणीही पुसली जाण्याचा संभव असतो. तेव्हा आधी कंपनीस दूरध्वनी करावा आणि मगच टाचणी हाती घ्यावी.

बदलानंतरची व्यवस्था

पासवर्ड बदलताच घरातील व दुकानातील प्रत्येक उपकरणाची जोडणी तुटते. टीव्ही, छपाईयंत्र, कार्डाचे यंत्र आणि वाय-फायवरील कॅमेरे या सर्वांस नवा पासवर्ड द्यावा लागतो. आम्ही कॅमेऱ्याचे विसरलो आणि वखार दोन रात्री विनापहारा राहिली. म्हणून आधी कागदावर यादी करावी व एकेका उपकरणापुढे खूण करीत जावे.

पाहुणे, गिऱ्हाईक व टेम्पोवाले यांच्यासाठी बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते. ते ओसरीसारखे आहे : आल्यागेल्यास बसावयास जागा मिळते आणि माजघराचे दार बंद राहते. त्याचे नाव व पासवर्ड निराळे ठेवावे. आमचे दिवाणजी आता याच जोडणीवर वर्तमानपत्र वाचतात, आणि पूर्वीपेक्षा ते लवकर उघडते, असे सांगतात. नवा पासवर्ड कागदावर लिहून ठेवण्यास हरकत नाही. मात्र त्या कागदाची जागा गल्ल्यामागील भिंत नव्हे, तर तिजोरी.

केव्हा बदलावा?

जुन्या हुंडीच्या व्यवहारात हुंडी गहाळ झाली तर तिच्या बदली 'पेठ' लिहून देत, आणि पेठही गहाळ झाली तर 'परपेठ'. पेठेचे पैसे चुकते झाले की मूळ हुंडी कोणाच्याही हाती असो, तिची किंमत रद्दीची. यात हुंडी सापडलेल्या माणसावर आळ येत नसे; व्यवहार निर्धोक करण्याची ती रीतच होती. नवा पासवर्ड ही आपल्या वाय-फायची पेठ आहे. नोकर काम सोडून गेला, फोन हरवला, घरचे कार्य पार पडले किंवा अनोळखी कारागीर राउटरला हात लावून गेला, की ती लिहावी. एरवी दिवाळीत वहीपूजन करून नवी वही उघडतो, त्याच दिवशी नवा पासवर्ड घालण्याचा परिपाठ ठेवावा. म्हणजे तो कोणामुळे बदलला, हा प्रश्नच उरत नाही आणि कोणाचे मनही दुखावत नाही.

वर्षअखेर हिशेब तपासणे हा जसा दिवाणजीवरील संशय नव्हे, तसे किल्ली बदलणे हा माणसांवरील अविश्वास नव्हे. ही माहिती वाचून एखाद्या सभासद बंधूने आज रात्रीच आपल्या राउटरची पाठ पाहिली, तरी आमच्या श्रमांचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.