फाटक्या पानाचं औषध

पुस्तकाचं पान फाटलं की तुम्ही चटकन चिकटपट्टी लावता ना? काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडतो, पानात मुरतो आणि डाग कायमचा राहतो!

मग शेकडो वर्षांची हस्तलिखितं कशी जोडतात? जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरून! हा कागद तुतीच्या कुळातल्या कोझो झाडाच्या सालीचा असतो. त्याचे धागे लांब, म्हणून तो पातळ पण चिवट. आणि खळ? कुरडयांसाठी आजी गव्हाचा चीक काढते ना, त्यातलंच हे सत्त्व. पुढे कधी जोड काढायचा झाला, तर तो ओलाव्याने सुटतो. १९६६ साली इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या पुरात भिजलेले ग्रंथही असेच जोडले.

चामड्याच्या बांधणीचं दुखणं वेगळं. जुन्या चामड्याची लाल भुकटी होऊ लागते. पाण्याने ते काळं पडतं. म्हणून सेल्युलोजपासून केलेली खास पूड अल्कोहोलमध्ये विरघळवून हलकेच लावतात. भुकटी धरून राहते.

घरी जुनी पोथी आहे? मग चिकटपट्टी नको! सुटा तुकडाही फेकू नका, कोऱ्या कागदात जपून ठेवा. कुणी सांगावं, त्या पोथीची दुसरी प्रत कुठेच नसेल!