शिक्षेआधी उपचार: कलम ३९ काय सांगते?

कोल्हापुरात गांजा ओढल्याबद्दल दोषी ठरलेल्या तरुणाला न्यायालयाने कळंबा कारागृहाऐवजी उपचारांना पाठवले, तर ‘तो सुटला’ असा समज होतो. कायद्याचा अर्थ वेगळा आहे.

अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस, १९८५) कलम ३९नुसार, सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या (सरकारने ठरवलेल्या मर्यादेखालील साठा, गांजासाठी १ किलो) गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचारांसाठी सोडता येते. वय, पूर्वेतिहास, शारीरिक-मानसिक स्थिती पाहून न्यायालय हे ठरवते. त्यासाठी बंधपत्र (अटी पाळण्याची लेखी हमी) द्यावे लागते आणि जास्तीत जास्त वर्षभरात उपचारांचा अहवाल सादर करावा लागतो. तो समाधानकारक असल्यास न्यायालय समज देऊन, कमाल ३ वर्षांच्या नव्या बंधपत्रावर सोडू शकते. या काळात या कायद्याच्या प्रकरण ४मधील कोणताही गुन्हा केल्यास न्यायालय बोलावून शिक्षा सुनावू शकते.

सोसायटीने पीककर्जाला मुदतवाढ दिली, तरी कर्ज खात्यावर राहतेच; तसेच हे आहे. मोठा साठा बाळगणाऱ्यांना ही सवलत नाही. अमेरिकेत मायामीला १९८९मध्ये अशा उपचारांसाठी स्वतंत्र न्यायालय सुरू झाले. कलम ३९चा अधिकार मात्र दोषी ठरवणाऱ्या न्यायालयालाच आहे.