कासवाच्या वाटेवरील बंधारा

कोकणातील पुळणीवर उधाणाने माड उन्मळू लागले की गावकरी धूपप्रतिबंधक बंधारा मागतात. ती मागणी रास्तच आहे. ज्याचे घर लाटेच्या तोंडाशी, त्याला कासवाची थोरवी कोणी सांगावी? परंतु समुद्र त्या दगडांशी कसा वागतो, हे पाहण्यासारखे आहे. उतरत्या वाळूवर लाट पसरते आणि तिचा जोर जिरतो. दगडावर आपटलेली लाट मात्र उलटताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण अशी आखडत जाते. ऑलिव्ह रिडले जातीची मादी नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वर येते, ती भरतीरेषेपलीकडील कोरड्या वाळूच्या शोधात. तेथे खड्डा उकरून ती १०० ते १२० अंडी घालते. वाटेत बंधारा आडवा आला तर ती तशीच परतते, नाहीतर दगडांच्या पायथ्याशी खड्डा करते. मग उधाणाचे पाणी शिरून अंड्यांतील जीव गुदमरतात. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला २००२ पासून अंडी कुंपणात हलवून जपली जातात. पण त्या कुंपणासाठीही कोरडी वाळू हवीच. बंधारा भरतीरेषेपासून मागे, घरांलगत घेतला, तर ती उरते, निदान काही वर्षे तरी.